हातांची साक्ष

संपतराव पिसाळ घाबरण्यात नापास झाले. एकदा नाही, दोनदा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस कशातही नापास झाला की गावाला चघळायला विषय मिळतो, आणि हे तर पिसाळ! सतरा वर्षं लष्करात काढलेले, पुढची बावीस वर्षं कासारखेडच्या बँकेच्या दारात बापाची दुनळी बंदूक मांडीवर घेऊन बसलेले. एकदा बँकेत नाग निघाला तेव्हा मॅनेजरसकट सगळी बँक टेबलांवर चढली होती. ह्यांनी तो पोत्यात घातला, माळावर नेऊन सोडला आणि परत येऊन उरलेला अर्धा कप चहा प्यायला. अशा माणसाला जिल्ह्याच्या गावी एका काचेच्या खोलीत उभं केलं, समोरच्या पडद्यावरून कोयतेवाली चार माणसं अंगावर सोडली, आणि हातातल्या बंदुकीचं कुलूप काही केल्या उघडेना.

"काका, माणूस आहात का वरवंटा?" तपासणीस हसून म्हणाला. "थोडं तरी घाबरा की!"

"कशाला घाबरू? पडदा हाय तो."

"आणि खरी माणसं आली असती तर?"

"तर आधी पुढच्याचं मनगट धरलं असतं. मागचे तिघं आपसूक पळत्यात."

तपासणिसानं कागदावर फुली मारली. तिसरी आणि शेवटची संधी महिन्यानं. तीही हुकली तर परवाना रद्द, बँकेतली खुर्ची दुसऱ्याची, आणि दर खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुंकू लावलेली बापाची बंदूक सरकारी भट्टीत.

आता हे कुलूप काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे कुलूप येण्याआधी दहा-बारा वर्षं देशात एकच भांडण पेटलेलं होतं. टीव्हीवर तर होतंच, पण न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेतसुद्धा तेच. खतांच्या दुकानाचा मालक म्हणायचा, "गुंडांकडे गावठी कट्टे, आणि कायदा पाळणाऱ्याच्या हातात काय, लाटणं? द्या की सगळ्यांना परवाने!" त्यावर निवृत्त गुरव गुरुजी पासबुक आपटून म्हणायचे, "बांधाच्या वीतभर मातीवरनं कुऱ्हाडी चालतात आपल्याकडं. बंदुका वाटल्या तर तेराव्याची जेवणं जेवून जेवून पोट बिघडेल तुझं." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायचं काही नाव नव्हतं.

मग एका प्रयोगशाळेनं दोघांनाही पटेल असं यंत्र काढलं. राग आणि भीती, दोन्हींत छाती धडधडते, म्हणून नुसत्या नाडीवरून काही कळत नाही. पण रागात रक्त हातांकडे धावतं आणि बोटं गरम होतात. भीतीत शरीर तेच रक्त आत ओढून घेतं, पळायला लागलं तर हवं म्हणून मांड्यांकडे वळवतं, आणि बोटं गार पडतात. घामही निराळा. भीतीच्या घामात काही रेणू असे असतात, जे उन्हाच्या किंवा कष्टाच्या घामात सापडत नाहीत. भीतीनं हातपाय गार पडले, असं आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या. त्यांच्या म्हणण्याला आता आकडा मिळाला, एवढंच. बंदुकीच्या दस्त्यात नखाएवढ्या तीन चकत्या बसवल्या. एक ऊब मोजणारी, एक घाम हुंगणारी, एक थरथर टिपणारी. तिघींचं एकमत झालं की 'टक्' असा आवाज व्हायचा आणि चाप मोकळा. रागानं तुमच्या अंगाचा तिळपापड झालेला असो, दारू ढोसलेली असो की थंड डोक्यानं कुणाचा काटा काढायला निघालेले असा, कुलूप बंदच. थंडीनं गारठलेला हातही त्याला फसवू शकत नव्हता, कारण त्याला भीतीचा घाम नसायचा.

आत्मरक्षण कायदा आला तेव्हा दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली. ज्याला हवी त्याला बंदूक, पण चालणार फक्त घाबरलेल्याच्या हातात. नवा परवाना असो की जुना, आधी सरकारी बंदुकीचं कुलूप घाबरून उघडून दाखवायचं, ही भयचाचणी, आणि पास झालात तरच तुमच्या बंदुकीला ते बसणार. आणि खरं ते सांगितलं पाहिजे, बांधावरचे खून खरंच कमी झाले. सगळे खूष. मग त्या कायद्याला मागाहून एक पोटकलम जोडलं गेलं. कुलूप उघडलं म्हणजे भीती खरी, आणि भीती खरी म्हणजे समोरचा माणूस धोक्याचा. बंदुकीतला कॅमेरा समोरचा चेहरा टिपणार आणि नोंद आपोआप पोलिसांकडे जाणार. एका चेहऱ्यावर दोन नोंदी झाल्या की सुनावणी, तिसरी झाली की तो दोन वर्षं तीन जिल्ह्यांतून तडीपार. हे पोटकलम फारसं कुणी वाचलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, गुंडांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं!

दुसऱ्यांदा नापास होऊन आल्यावर संपतराव बँकेच्या दारात तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात लहू काळे खांद्यावर पाण्याचा जार घेऊन आला.

लहू हा गावाबाहेरच्या पारधी वस्तीतला. वय चाळिशीचं. स्वतःचा छोटा टेम्पो होता, आणि बँक, दवाखाना, शाळा, शे-दीडशे घरं, सगळीकडे पाण्याचे जार तोच टाकायचा. लोकांच्या पार स्वयंपाकघरापर्यंत जाणारा माणूस. ते सोपं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी गावात एक घरफोडी झाली आणि पोलिसांनी शिरस्त्याप्रमाणे आधी पारध्याच्या पोराला उचललं. संपतराव छातीवर पदकं लावून ठाण्यात गेले. "त्या दिवशी हा माझ्या विहिरीत मोटर उतरवत होता, मी दोर धरला होता. लिहून घ्या," म्हणाले. तेव्हापासून लहू त्यांना तात्या म्हणायचा आणि पहिला जार बँकेत टाकायचा.

"काय तात्या, पुन्हा गेला म्हणं पेपर?" लहूनं जार उतरवला. "माझ्याकडनं शिका की घाबरायला. आमच्यात पोर चालायच्या आधी घाबरायला शिकतंय."

"गप ए," संपतराव म्हणाले, पण हसले. बँकेत त्या दिवशी त्यांना हसवणारा तो एकटाच निघाला.

आपल्याकडे परीक्षा आली की क्लास येतोच. 'अभय क्लासेस'ची पाटी एस.टी. स्टँडमागे लागून वर्ष झालं होतं. निकम सर आधी पोलीस भरतीची अकॅडमी चालवायचे. भरती बंद पडली तशी त्यांनी भयचाचणीची तयारी सुरू केली. भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो, गळ्यात हार, आणि सगळ्यांचे डोळे कसे भेदरलेले!

"पिसाळ काका, तुमचा प्रॉब्लेम मला कळला," निकम सरांनी त्यांच्या बोटाला एक पट्टी लावली. शेजारच्या पडद्यावर बोटाची ऊब दिसत होती. "डोळे मिटा. तुमचा सगळ्यात मोठा शत्रू आठवा."

संपतरावांना सीमेवरचा एक चेहरा आठवला. पडद्यावरची रेघ सरळ वर चढली.

"बघा! हात तापला. शत्रू आठवला की राग येतो आणि राग आला की कुलूप बसतं. तुम्हाला राग फार लवकर येतो काका. आपल्याला असा चेहरा पाहिजे, ज्याच्यावर तुम्ही आयुष्यात कधीही रागावला नाही."

"बायको."

सर हसले. "बायकोवर कधीच रागावला नाही?"

संपतराव ओशाळले. मुलावर रागावले होते, सुनेवर मनातल्या मनात, बापावर तर जन्मभर. अशी नावं गाळता गाळता शेवटी एकच उरलं.

"लहू हाय. पाणीवाला. त्याच्यावर कधी आवाज चढवल्याचं आठवत न्हाय."

"रोज दिसतो? चाल, खांदा, हात, सगळं डोळ्यापुढं येतं?"

"येतं की. पण सर, तो भला माणूस हाय. त्याला मी काय घाबरणार?"

"म्हणूनच चालेल. तुम्हाला ठाऊक आहे ना की हे खोटं आहे? मग बिघडलं कुठं? नाटकात रावण होणारा काय घरी जाऊन सीता पळवतो?" सरांचा आवाज खाली आला. "घरात लहान कोण आहे?"

"नात. ओवी. नऊ वर्षांची."

"दुपारची वेळ. तुम्ही अंगणात आहात. घरात ओवी एकटी. लहू जार घेऊन आत गेला. रोजच जातो, तुम्ही बघितलंसुद्धा नाही. दार आतून लागलं. ओवी काहीतरी गुणगुणत होती. ती थांबली. तुम्ही हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली."

बोटाची रेघ आधी थबकली. मग घसरत घसरत पार तळाला गेली. संपतरावांनी डोळे उघडले तेव्हा कपाळावर घाम होता. ह्या माणसाला गोळी लागली तेव्हाही असा घाम आला नव्हता.

"शाब्बास!" निकम सर म्हणाले. "आता हे रोज सकाळी वीस वेळा."

तीन आठवडे संपतराव दात घासल्यावर न्हाणीघरात उभे राहून ते दार मनातल्या मनात लावून घेत होते. शिपाईगडी, कवायत म्हटली की चुकायची नाही. मनाला समजावणं सोपं होतं. लहूची मनोमन माफी मागायची आणि पुढचं सुरू करायचं. शेवटच्या आठवड्यात ओवी, अंगण, हाक, कशाचीच गरज उरली नाही. नुसता जार पेललेला खांदा डोळ्यापुढं आणला की बोटं गार.

तिसऱ्या वेळी कुलूप दोन सेकंदांत उघडलं. तपासणीस उठून उभा राहिला. संपतरावांनी बँकेत पेढे वाटले. लहूला दोन दिले.

आणि त्यानंतर बरोबर चार दिवसांनी, कुलूप बसवून आलेली दुनळी घेऊन ते पहिल्यांदाच दारात बसले त्या सकाळी सव्वादहाला, रांगेत तीस माणसं उभी असताना, लहू जार घेऊन दारातून आत शिरला आणि संपतरावांच्या मांडीवरची बंदूक म्हणाली, 'टक्'.

सगळी रांग वळली. हा आवाज एव्हाना देशात पोराटोरांनासुद्धा कळत होता. लहू होता तिथंच थिजला. दोन्ही हात जारला असल्यामुळं वरही करता येईनात.

"तात्या," तो कसंबसं हसत म्हणाला, "बिघडलं काय हो?"

"व्हय रं. नवं हाय. बिघडलं असंल," संपतराव म्हणाले. पण दस्त्यावरची बोटं त्यांची त्यांनाच परक्यासारखी लागत होती.

दुपारी ते ठाण्यात गेले. उपनिरीक्षक खरातबाई कामसू आणि सरळ होत्या. त्यांनी संगणकावर नोंद काढून दाखवली, लहूचा चेहरा, वेळ, बोटांची ऊब, सगळं.

"बाई, ही खोडा. माझी चूक हाय. तो माणूस लाखात एक हाय."

"काका, तोंडानं काय, कुणीही काहीही सांगतं. दबाव असतो, मैत्री असते, कधी पैसे असतात. म्हणून तर कायद्यानं तोंडाचं ऐकणं सोडलं." त्यांनी मान हलवली. "तुमचे हात खोटं बोलले असं मी कशाच्या आधारावर लिहू?"

क्लासमध्ये काय केलं ते सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर चाचणी फसवणुकीची ठरणार, परवाना जाणार. उद्या सांगू, जरा अंदाज घेऊन सांगू, असं म्हणत संपतराव ठाण्याच्या पायऱ्या उतरले. तिथं त्यांची हिंमत कमी पडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

गावात मात्र अंदाज फार लवकर बांधला गेला. दुसरा कुणी घाबरला असता तर लोक हसले असते. पण पिसाळ? ज्यानं नाग हातानं धरला तो पिसाळ? "तो घाबरला म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार," खतवाला रांगेत म्हणाला. गुरव गुरुजींनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. संपतरावांच्या शौर्याची सगळी पुण्याई लहूच्या विरोधात गेली.

आठवड्याभरात अर्ध्या घरांनी लहूला जार बाहेरच ठेवायला सांगितलं. दवाखान्यातल्या पाटणे वहिनींना ते सांगायचं राहून गेलं. त्या घरी ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. वळून बघतात तर लहू स्वयंपाकघरात, आणि पर्समधलं छोटं पिस्तूल त्यांनी घट्ट धरलेलं. 'टक्'. गोळी सुटली नाही, लहूचं नशीब. पण नोंद दुसरी झाली. सुनावणीची नोटीस त्याच्या वस्तीत जाऊन डकवली.

त्या संध्याकाळी शालनताई नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"अहो, लहू आला होता. तुम्ही त्याला फाटकाबाहेर उभं केलंत. आणि ओवीला हाताला धरून आत ओढलंत. पोरगी विचारत होती, लहूकाकानं काय केलं?"

"म्या ओढलं?"

"मनगटावर वळ उठलाय तिच्या."

संपतरावांना ओढल्याचं आठवत नव्हतं. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, क्लास, चेहरा, दार. शालनताई ऐकत राहिल्या. "एवढी गाढवासारखी अक्कल कुठनं आणलीत?" एवढंच म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून रडल्या.

दुसऱ्या दिवशी संपतराव निकम सरांकडे गेले. म्हणाले, घाबरवलंत तसं आता बरं करा. सर दिलगीर होते, खरंच होते. "काका, घाबरायला शिकवता येतं. मेंदूत एक वाट पाडायची, बस्स. विसरायचा कोर्स अजून निघालेला नाही. भीती विसरली जात नाही, तिच्यावर दुसरं काहीतरी रचावं लागतं. त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात." सुनावणी नऊ दिवसांवर होती.

मग ते सरळ वस्तीवर गेले. लहूच्या पत्र्याच्या घराबाहेर बाजेवर बसले. त्याची मुलगी पूनम दहावीला होती, वस्तीतली पहिलीच. ती चहा देऊन परत पुस्तकाकडे गेली. कप चांगला वाफाळता होता तरी संपतरावांच्या बोटांना ऊब लागत नव्हती. लहू तीन हात लांब बसला होता. त्याला न सांगता कळलं होतं.

"तात्या, साक्षीदार आणायला सांगितलाय. प्रतिष्ठित पायजे, आणि त्यानं बंदूक हातात धरून माझ्यासमोर एक मिनिट उभं राहायचं. कुलूप बंद राहिलं तर दोन्ही नोंदी पुसणार. उघडलं तर तीच तिसरी. पूनमची परीक्षा फेब्रुवारीत हाय. तिला कुठं टाकू? तिच्या आईलाबी न्यावं लागंल. तीन जिल्ह्यांच्या पलीकडं कोण वळखतंय आम्हाला? जिथं जाईल तिथं पारधी आला म्हणून पुन्हा पहिल्यापासनं."

"लहू, मला तुला सांगायचंय." आणि संपतरावांनी मान खाली घालून सांगितलं. एक शब्द लपवला नाही, ओवीचं दारसुद्धा नाही.

लहूनं एकच विचारलं.

"दुसरा कुणाचा चेहरा घावला न्हाय व्हय?"

"तुझ्यावर कधी राग आला न्हाय, म्हणून तुझा घेतला."

"राग." लहूनं तो शब्द तोंडात घोळवला. "माझ्या आज्याला तीन गावांनी मिळून मारलं तात्या. दगडानं. त्यांना काय आमचा राग व्हता? आमची वळखसुद्धा नव्हती. सगळे घाबरूनच मारत आलेत आम्हाला." तो उठला, आत जाऊ लागला आणि दारात थांबला. "तरी तुम्हीच या साक्षीला. दुसरं कोण येणार माझ्यासाठी?"

परतीच्या वाटेवर संपतरावांना युक्ती सुचली. भीती घालवता येत नाही ना? ठीक. पण रागात कुलूप बसतं! एक मिनिट राग धरायचा. आणि राग तर काय, पिसाळांच्या घरात पाचवीलाच पुजलेला. निकमचा राग, त्या पोटकलमाचा, खतवाल्याचा, ठाण्याच्या पायऱ्यांवर गप्प राहिलेल्या स्वतःचा! आठ दिवस ते न्हाणीघरात उभे राहून संतापत होते. शालनताई बाहेरून निकम सरांकडनं आणलेल्या पट्टीची रेघ वाचत, "वर आहे, वरच आहे," असं सांगत होत्या. पहिल्यांदाच त्या माउलीला नवऱ्याच्या रागाचं कौतुक वाटत होतं.

सुनावणी सकाळी अकराला, सरकारी कचेरीच्या सभागृहात झाली. समोर अधिकारी, बाजूला खरातबाई, भिंतीशी दोन बंदूकधारी शिपाई, मागं निम्मं गाव. लहू पांढरा शर्ट घालून आला होता, इस्त्रीचा. पूनम आणि तिची आई पहिल्या बाकावर. संपतरावांच्या हातात त्यांचीच दुनळी दिली, रिकामी. लहूला दहा पावलांवर उभं केलं. भिंतीवरच्या पडद्यावर साठचा आकडा उमटला.

"साक्षीदार, तुमचं म्हणणं सांगा. वेळ सुरू."

"हा लहू काळे," संपतराव गरजले. "मी ह्याला सोळा वर्षं वळखतो. गावानं ह्याच्या हातचं पाणी प्यालंय आणि आज त्याच गावाला ह्याचं भ्या वाटतंय! लाज वाटली पायजे!" हात तापले. रक्त बोटांपर्यंत सळसळत आलेलं त्यांना कळत होतं. "घाबरलो मी. पैसे भरून, क्लास लावून घाबरलो! चूक माझी हाय. त्या निकमची हाय. असला कायदा करणाऱ्याची हाय! घ्या माझा परवाना, वितळवा बंदूक, पण ह्या माणसाला हात लावायचा न्हाय!"

पडद्यावर वीस. पंधरा. कुलूप बंद. खरातबाई पुढं झुकल्या. खतवाल्यानं मान खाली घातली. बारा. संपतरावांना वाटलं, जिंकलो. आता फक्त लहूकडं बघायचं नाही. भिंतीकडं बघायचं, रागात राहायचं.

पण एवढं बोलल्यावर माणूस ज्याच्यासाठी बोलला त्याच्याकडं बघतोच. दहाव्या आकड्याला त्यांनी बघितलं. लहू रडत होता. तोंडानं हसत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी ठाण्यातून सुटला तेव्हा असाच रडला होता तो. संपतरावांना मायेनं भरून आलं. लेकरा, असं वाटलं त्यांना. माझ्या लेकरा.

आणि मायेनं राग गेला. तो जायचाच होता, ह्या माणसावर त्यांचा राग कधी टिकलाच नव्हता. राग गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली नाही. तो खांदा दिसला. दार लागल्याचा आवाज आला. बोटांतलं रक्त, वाळूत पाणी जिरावं तसं, आत आत ओढलं गेलं.

पडद्यावर सात होते. 'टक्'.

पूनम ओरडली. कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, मी म्हणत होतो." अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लिहायला घेतलं. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? साक्ष झाली होती, तीही लखलखीत. पिसाळांचं तोंड लहूच्या बाजूनं बोललं होतं आणि हात त्याच्या विरोधात. कायदा हातांचा होता.

संपतरावांचा तोल गेला. बंदूक गळून फरशीवर आदळली. ते कोसळणार असं बघून लहू त्यांना सावरायला धावला. विचार न करता, जसा कुणीही धावेल तसा.

भिंतीशी दोनदा 'टक्' झालं. मागच्या बाकांवरून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पण लहू त्या आवाजांना थांबला नाही. तो थांबला तो पुढचं बघून. संपतराव पिसाळ, ज्यांनी जन्मात कधी पाऊल मागं घेतलं नव्हतं, ते त्याच्यापासून दोन पावलं मागं सरकले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

लहूनं पुढं केलेला हात खाली घेतला.

"राहू द्या तात्या," तो म्हणाला. "लांबूनच रामराम."

त्यानं पूनमची वह्यांची पिशवी उचलली, बायकोला पुढं घातलं आणि चालू लागला. लोकांनी बाकं मागं सरकवून वाट दिली, गरजेपेक्षा दुप्पट रुंद. संपतरावांना हाक मारायची होती. तिघं दाराबाहेर गेली, पायऱ्या उतरली, दिसेनाशी झाली, आणि तशी तशी त्यांच्या बोटांत ऊब परत यायला लागली. एकेक बोट सैल पडलं. श्वास मोकळा झाला. लहू गेला म्हणून आपल्याला बरं वाटतंय हे त्यांना कळलं, आणि तिथंच, भिंतीला टेकून, ते लहान पोरासारखे रडू लागले.